मुलगा अठरा वर्षांचा झाला, बँक म्हणते कोर्टाची ऑर्डर आणा. पुढे काय करायचं?

माधवी_:

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

आमचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, जोडीला बौद्धिक अक्षमता. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ७५ टक्के. गेल्या महिन्यात त्याला अठरा पूर्ण झाली. आजीने त्याच्या नावावर ठेवलेली ठेव नेमकी आत्ताच मुदत संपून मोकळी झाली, म्हणून त्याला घेऊन बँकेत गेले. इतकी वर्षं खात्यावर पालक म्हणून माझीच सही चालायची. आता साहेब म्हणाले, तो सज्ञान झाला, सही त्याचीच हवी.

त्याने पेन घेतलं. नाव लिहिता येतं त्याला, फार मन लावून लिहितो. अक्षरं झाली आणि मग शिरोरेषा ओढायला लागला, ती स्लिपच्या बाहेर, टेबलाच्या काचेवरून पार कडेपर्यंत. काढून झाल्यावर माझ्याकडे बघून हसला. साहेबांनी स्लिप बाजूला सारली आणि म्हणाले, "कोर्टातून ऑर्डर आणा, तोवर काही करता येणार नाही."

रांगेतली माणसं बघत होती. मी काही न बोलता त्याला घेऊन बाहेर आले.

खरंच कोर्टात जावं लागतं का? नवरा जिल्हा परिषदेत शिक्षक आहे, १९९९ ला लागला, निवृत्तीला चार वर्षं आहेत. आमच्या माघारी मुलाला पेन्शन मिळते का? मुलगी बावीसची, पुण्यात शिकते. नातेवाईक म्हणतात आत्ताच तिचं नाव पालक म्हणून लावून टाका. माझं मन तयार होत नाही. ती आनंदाने 'हो' म्हणेल हे मला माहीत आहे, म्हणूनच तिला विचारायला जीभ रेटत नाही.

अन्वयची_आई:

माधवीताई, आधी एक मोठा श्वास घ्या. कोर्टात जायची गरज नाही.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात 'स्थानिक स्तर समिती' असते. जिल्हाधिकारी, न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे सदस्य. कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र ही समिती देते. ते बँकेने मान्य करायलाच हवं. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच सगळ्या बँकांना तसं कळवलंय. पुढच्या वेळी जाताना त्या परिपत्रकाची प्रत घेऊन जा आणि म्हणणं लेखी द्या. मी तोंडी भांडले तेव्हा काही झालं नाही. अर्ज देऊन पोच मागितली, तेव्हा मॅनेजर स्वतः उठून आले.

आणि 'निरामय' काढलाय का? न्यासाचाच आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही, बाह्यरुग्ण खर्च आणि थेरपीही धरतात. आमचं ऑक्युपेशनल थेरपीचं बरंचसं बिल त्यातून निघतं.

निवृत्त_नाझर:

मी जिल्हाधिकारी कार्यालयात नोकरी केली आहे, म्हणून थोडं व्यवहाराचं सांगतो.

तिथे जाऊन नुसतं 'पालकत्व' म्हणालात तर समोरचा माणूस अज्ञान मुलाचं काही समजून तुम्हाला दिवाणी न्यायालयाची वाट दाखवेल. 'राष्ट्रीय न्यास, स्थानिक स्तर समिती' हे शब्द उच्चारा. तरी कळलं नाही तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात जा, किंवा मुलाच्या शाळेला विचारा. न्यासाकडे नोंदलेली संस्था जिल्ह्यात कोणती, हे विशेष शाळांना हमखास माहीत असतं. निम्मं काम ती संस्थाच करून घेते.

अर्ज नमुना 'अ' मध्ये, प्रमाणपत्र मिळतं नमुना 'ब' मध्ये. आईवडील दोघांनी मिळून अर्ज करता येतो, तो तसाच करा. एकट्याच्या नावाने करू नका. सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, जन्माचा पुरावा, नात्याचा पुरावा, तुमची ओळखपत्रं आणि संमती.

त्याआधी एक काम. मुलाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लहानपणी काढलेलं असेल तर त्यावरची नूतनीकरणाची तारीख बघा. बौद्धिक अक्षमतेत पाच, दहा आणि अठराव्या वर्षी ते नव्याने काढावं लागतं, अठराव्या वर्षी मिळतं ते कायमचं. मुदत संपलेलं प्रमाणपत्र जोडलं तर फाइल तिथेच बसते. आधी जिल्हा रुग्णालय, त्याबरोबरच यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), मग समिती.

बैठका नियमित होतीलच असं नाही, त्यामुळे महिन्यातून एकदा जाऊन फाइल कुठवर आली ते विचारत राहा. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. शिक्का नसलेली पोच म्हणजे कोरा कागद.

सागर_वि:

संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही करून टाका, आता दिव्यांगांना महिन्याला २५०० रुपये झालेत.

निवृत्त_नाझर:

सागर, त्यात दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. शिक्षकाच्या घरात बसणार नाही. पण ज्यांचं बसतं त्यांनी जरूर तहसील गाठावं.

माधवीताईंना दुसऱ्या दोन गोष्टी लागू होतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या पालकांना महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ आहे. वर्षाचे २५०० रुपये बहुतेकांच्या पगारातून मुकाट्याने कापले जातात, कारण कुणी अर्जच देत नाही. आणि आयकराच्या जुन्या करप्रणालीत दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० ची वजावट, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख.

पेन्शनचं: तुमचे यजमान १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेत, म्हणजे जुनी पेन्शन. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. पण मुलाचं नाव आणि दिव्यांगत्वाची नोंद यजमान नोकरीत असतानाच सेवापुस्तकात आणि निवृत्तीच्या कागदपत्रांत यायला हवी. चार वर्षं हातात आहेत, उद्याच अर्ज द्या. माघारी ही नोंद करून घ्यायला भावंडांना जो त्रास होतो तो मी टेबलाच्या पलीकडून पाहिलाय.

थोरला_भाऊ:

मी त्या भावंडांपैकी एक. तुमच्या मुलीच्या जागेवरून लिहितो.

माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे, आता एकेचाळीसचा. आमच्या आईवडिलांनी पालकत्वाचं काहीच केलं नव्हतं. बाबांना विषय काढलेला आवडायचा नाही. "मी आहे ना अजून," म्हणायचे. आई आधी गेली, दोन वर्षांनी बाबा. बाबांच्या ठेवींवर नॉमिनी भाऊ होता. हेतू चांगला होता, पण नॉमिनीला पैसे द्यायचे तर त्याच्या वतीने सही कोण करणार? माझ्याकडे काहीच कागद नव्हता. पेन्शनचंही तेच. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत सात महिने गेले. बाबांची उत्तरक्रिया, भावाचा खर्च, त्याला सांभाळणाऱ्या मावशींचा पगार, सगळं माझ्या पगारातून. त्या काळात तो रोज संध्याकाळी दाराशी बाबांच्या चपला सरळ करून ठेवायचा. मला रडायला वेळ नव्हता, मी झेरॉक्स काढत होतो.

भावाचं मला कधी ओझं वाटलं नाही. वाटलं ते त्या सात महिन्यांचं. म्हणून ताई, मुलीशी बोला. तिला पालक करण्यासाठी नव्हे. आत्ता तुम्ही दोघं पालक व्हा, तोच योग्य क्रम आहे. पण तिला सगळे कागद कुठे आहेत ते दाखवा, त्याची औषधं, त्याला कोणत्या आवाजाची भीती वाटते, काय दिलं की शांत होतो, हे एका वहीत लिहून ठेवा. न विचारल्यामुळे ती मोकळी राहत नाही, फक्त अंधारात राहते.

ॲड_वैशाली:

वरचं सगळं बरोबर आहे. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधते, कारण ती नेहमी राहून जाते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ (१९ एप्रिल २०१७ पासून लागू) म्हणतो की दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे. कलम १३ मध्ये मालमत्ता बाळगणं, आर्थिक व्यवहार करणं हे सगळं येतं. कलम १४ मध्ये 'मर्यादित पालकत्व' आहे: ठरावीक कामापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि निर्णय त्या व्यक्तीशी बोलून, दोघांनी मिळून. न्यासाचा कायदा जुना आहे, तरी त्यातही समितीने दोन प्रश्न तपासायचे असतात: पालकाची गरज आहे का, आणि कशासाठी आहे. म्हणून अर्जात 'सर्व बाबतीत' असं सरसकट लिहू नका. बँक व्यवहार, ठेवी, पेन्शन, वैद्यकीय संमती, जे खरंच लागतंय ते लिहा.

पालकत्व मिळालं की जबाबदारीही येते. सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. पालकाने हेळसांड केली किंवा पैसा खाल्ला तर त्याला काढता येतं. उद्या तुमच्यानंतर जो कुणी पालक होईल त्याच्यावर हीच वचक मुलाच्या कामी येणार आहे.

घर किंवा मोठी रक्कम थेट मुलाच्या नावे करण्याआधी वकिलाशी बसा. मृत्युपत्र करून खासगी विश्वस्त निधी उभा करता येतो. त्यात मुलगी एक विश्वस्त, सोबत घराबाहेरचं एखादं जाणतं माणूस. सगळा भार एकटीवर येत नाही. मुलासोबत राहणारं माणूस आणि पैसा बघणारं माणूस शक्यतो वेगळं ठेवा, असं मी प्रत्येक अशिलाला सांगते.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. बँक तरीही अडली तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

रानजाई:

वैशालीताईंच्या मुद्द्याला माझ्या घरचं उदाहरण. माझ्या मुलीला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. मी पालकत्व घेतलंच नाही. तिचं खातं तिच्या नावावर, तिच्या सहीने चालतं. बेकरीत पॅकिंगचं काम करते, पगार जमा झाला की दहा-दहाच्या नोटा मागते, कारण त्या मोजता येतात. दोनदा जास्त पैसे देऊन फसली. तिसऱ्यांदा स्वतःच सुटे मागून घेतले. मी पालकत्वाचा कागद केला असता तर पहिल्याच वेळी कार्ड काढून घेतलं असतं.

तुमच्या मुलाची गरज वेगळी आहे हे कळतं. तरी मतदार यादीत त्याचं नाव घाला. त्याला मत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सक्षम न्यायालयाने तसं घोषित केल्याशिवाय या कारणावरून नाव नाकारता येत नाही.

माधवी_:

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितेय, थोडं काम पुढे सरकलंय.

जिल्हा रुग्णालयात नवीन प्रमाणपत्र झालं, आता कायमचं. ह्यांनी सेवापुस्तकातल्या नोंदीचा अर्ज दिला, आणि व्यवसाय कराचाही. (तो लहान होता तेव्हापासून प्रमाणपत्र घरात आहे, आणि आम्ही कर भरत आलो. असो.) शाळेच्या बाईंनी संस्थेचा पत्ता दिला. समितीकडे आमच्या दोघांच्या नावाने अर्ज गेला, शिक्क्याची पोच आहे. कामं नेमकी लिहिली: बँक, ठेव, पेन्शन, वैद्यकीय संमती. बैठक पुढच्या महिन्यात आहे आणि मुलाला सोबत आणायला सांगितलंय.

मुलगी दिवाळीत आली तेव्हा थोरला_भाऊ यांचा प्रतिसाद तिला वाचायला दिला. शेवटपर्यंत वाचून म्हणाली, "आई, वही आण." रात्री दोनपर्यंत आम्ही लिहीत बसलो. मिक्सरच्या आवाजाला घाबरतो, कुकरच्या नाही, हे तिनेच मला सांगितलं. मला इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

एक विचारायचं होतं. समितीपुढे त्याला काय विचारतात? अनोळखी माणसांत तो गप्प होतो. वही न्यावी का त्याची, ज्यात तो नाव लिहितो?

अन्वयची_आई:

नक्की न्या. अन्वयला त्यांनी नाव विचारलं आणि "आई कुठंय?" एवढंच. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. बैठकीची वेळ नक्की करून घ्या, ताटकळायला लागू नये म्हणून. खायला काहीतरी आणि आवाज कमी करायला कानाला लावायचं काही असेल तर तेही सोबत ठेवा. वही टेबलावर उघडून ठेवा आणि मोठा कागद द्या, म्हणजे शिरोरेषेला जागा पुरेल.