सल्ला हवा: आईला वाचून दाखवायला मत्स्यालय, प्राणिसंग्रहालय, पक्षी यांवरची अलीकडची पुस्तकं

सांजवात:
आई ७८ वर्षांची आहे. बारीक अक्षर तिला आता लागत नाही, म्हणून रात्री अर्धा तास मी वाचते आणि ती ऐकते. इंग्रजी पुस्तक असेल तर वाचता वाचता मराठीत सांगते. आईकडे वीस वर्षं माशांची टाकी होती. पाणी बदलायला तिने आम्हाला कधी हात लावू दिला नाही. टाकी गेली तरी जाता-येता त्या कोपऱ्याकडे बघते.
गेल्या दहा-बारा वर्षांतली पुस्तकं सुचवा. दोनच हवीत, प्रत्येकी तीनशे पानांच्या आत. कादंबरी नको, खरंखुरं लिहिलेलं हवं. आणि प्राणी मरण्याची लांबलचक वर्णनं नकोत, मग तिला झोप लागत नाही.

रातवा:
जेनिफर ॲकरमन यांचं 'व्हॉट ॲन आउल नोज', २०२३. दुसरं काही बघूच नका. घुबड उडताना आवाज का होत नाही, तर पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात आणि वरच्या अंगाला मखमल. माझ्याकडे घुबडाचं एक पीस वहीत ठेवलेलं होतं. हे वाचल्यावर ते काढून भिंगाखाली धरलं, तर दाते खरंच दिसले. बोट फिरवलं तेव्हा लागलेसुद्धा. आतापर्यंत चौघांना हे पुस्तक भेट दिलंय. आणि घुबड मान पूर्ण गोल फिरवतं, ते का, तेही त्यात आहे.

दुर्बीण:
पूर्ण गोल नाही हो, २७० अंश. डोळे खोबणीत घट्ट बसलेले, हलत नाहीत, म्हणून मान वळवावी लागते. मानेत १४ मणके असतात, आपल्या दुप्पट.
माझं मत स्कॉट वाइडनसॉल यांच्या 'अ वर्ल्ड ऑन द विंग'ला, २०२१. विषय स्थलांतराचा. पानं तीनशेच्या वर आहेत, पण जाणवत नाहीत. २०२२ च्या ऑक्टोबरात पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट पक्षी अलास्कातून निघाला तो ११ दिवसांनी थेट टास्मानियात उतरला. १३,५६० किलोमीटर, मध्ये कुठेही न टेकता. पुस्तक त्याआधीचं, त्यामुळे हा पक्षी त्यात नाही. पण निघण्यापूर्वी हे पक्षी चरबी साठवतात आणि पोटातली पचनाची इंद्रियं आक्रसून घेतात, हे एकदा कळलं की आकाशाकडे बघायची नजरच बदलते.

रातवा:
२७० मान्य. पण तुमचं पुस्तक तीनशेच्या वर आहे.

दुर्बीण:
तुमचंही आहे.

शिंपला:
ताईंनी मत्स्यालय म्हटलंय आणि दोघंही आभाळात फिरताय. साय माँटगोमेरी, 'द सोल ऑफ ॲन ऑक्टोपस', २०१५. बोस्टनच्या न्यू इंग्लंड ॲक्वेरियममधल्या ऑक्टोपसांशी लेखिकेची कशी मैत्री जमली ते सांगितलंय. ऑक्टोपसाच्या बाहूंवरच्या चूषकांना चव कळते. म्हणजे लेखिका पाण्यात हात घालते आणि तो तिचा हात धरतो, तेव्हा तो तिला चाखतही असतो. मी पहिला भाग रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले होते. पानांच्या अटीतही बसतं.

कासवचाल:
+१. पण सांजवातताई, एक सांगून ठेवतो. हे ऑक्टोपस थोडीच वर्षं जगतात. मादी अंडी घातली की खाणंपिणं सोडून ती सांभाळत बसते आणि त्यातच संपते. पुस्तकात ऑक्टेव्हिया नावाची मादी आहे, तिची अंडी फलित नसतात, तरी ती महिनोन् महिने त्यांच्यापाशीच असते. मला पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवावं लागलं होतं. तुमच्या शेवटच्या अटीत हे बसत नाही.
दुसरं म्हणजे प्राणिसंग्रहालयावर कोणी बोलतच नाहीये. एमा मॅरिस यांचं 'वाइल्ड सोल्स', २०२१. जनावर कोंडून ठेवायचा आपल्याला हक्क काय, हा प्रश्न त्या सरळ विचारतात. ते वाचल्यापासून मी कुठल्याही प्राणिसंग्रहालयात पाऊल टाकलेलं नाही.

दुर्बीण:
तुमची कळकळ समजते, पण कॅलिफोर्निया काँडोर हे गिधाड विसरू नका. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षी पकडला तेव्हा जगात एकूण २७ उरले होते. सॅन दिएगो आणि लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयांत त्यांची पैदास झाली. पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून काँडोरच्या डोक्यासारखी बाहुली हातात घालून भरवायचे. १९९२ पासून ते परत रानात सोडू लागले आणि आज पाचशेच्या वर आहेत. पिंजरे नसते तर हा पक्षी फक्त चित्रात दिसला असता.

कासवचाल:
काँडोर परत रानात गेले, म्हणून पिंजरा सार्थकी लागला. बाकीचे जन्मभर आतच असतात, त्यांचं काय?

शिंपला:
यावर वेगळा धागा काढा, मीही येते. इथे एका आजींसाठी पुस्तक शोधतोय.

पुस्तकडोंगर:
घुबडाचं घ्या, वर सगळे तेच म्हणतायत. मी घेऊन ठेवलंय, वाचायचं आहे. आणखी एक, कर्क वॉलेस जॉन्सन यांचं 'द फेदर थीफ', २०१८. इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २००९ मध्ये २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली, त्याची खरी हकीकत. मासेमारीच्या गळावरच्या शोभेच्या नकली माश्या बांधायला ती पिसं लागतात. त्यात निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी गोळा केलेले नमुनेही होते. मी जुनी प्रत मागवली, तर शेवटची वीस पानं फाटलेली निघाली आणि विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. जुनी प्रत घेऊ नका.

रातवा:
सगळे कुठे, मी एकट्यानेच सुचवलंय. पण आभार.

बोरू:
एमी टॅन यांचं 'द बॅकयार्ड बर्ड क्रॉनिकल्स', २०२४. कादंबरीकार बाई, वयाच्या साठीनंतर चित्रकला शिकल्या आणि आपल्या परसातले पक्षी काढत, त्यांची रोजनिशी लिहीत गेल्या. एकेक नोंद छोटी आहे, अर्ध्या तासात दोन-तीन होतात. एकच विनंती, छापील घ्या. मी वाचनयंत्रावर घेतलं आणि सगळे पक्षी करडे दिसले. पुढे मैत्रिणीकडे छापील प्रत उघडली तेव्हा हमिंगबर्डचा गळा पाहून वाईट वाटलं, एवढे दिवस मी काय वाचत होते?

दुर्बीण:
चित्रं सुंदर आहेत, शास्त्र कमी आहे.

बोरू:
आजींना परीक्षेला बसायचं नाहीये.

पहाटवारा:
कादंबरी नको म्हटलंय हे वाचलं, तरी लिहिते. शेल्बी व्हॅन पेल्ट, 'रिमार्केबली ब्राइट क्रीचर्स', २०२२. सत्तरीच्या एक विधवा बाई रात्री मत्स्यालयाची लादी पुसायला जातात. तिथला मार्सेलस नावाचा ऑक्टोपस मधूनमधून स्वतः गोष्ट सांगतो. रात्री टाकीतून बाहेर पडून शेजारच्या टाक्यांतलं खाऊन येतो. मी आजारी होते तेव्हा बहिणीने वाचून दाखवली होती, म्हणून आठवली.

कासवचाल:
ताईंनी स्पष्ट लिहिलंय, खरंखुरं हवं. टाकीतून फिरायला जाणारा ऑक्टोपस म्हणजे निव्वळ कल्पना.

शिंपला:
कल्पना नाही. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या नेपियरमधल्या राष्ट्रीय मत्स्यालयातला इंकी टाकीच्या झाकणाच्या फटीतून निघाला, जमिनीवरून सरपटत गेला आणि सांडपाण्याच्या पन्नास मीटर नळातून समुद्रात पोचला. अंगात हाड नाही, चोच जाईल तिथून सगळा देह जातो. तरीही ताई, खरं हवं तर माँटगोमेरीच.

दुर्बीण:
कादंबरीला माझा विरोध.

सांजवात:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पुस्तकाऐवजी हा धागाच आईला वाचून दाखवला. घुबडाच्या मानेपाशी तिने स्वतःची मान वळवून पाहिली. काँडोरच्या बाहुलीचं दोनदा सांगायला लावलं. ऑक्टेव्हियाचं मी वगळणार होते, पण चुकून वाचून गेले. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्या टाकीतल्या काळ्या मोलीनेही खाणं सोडलं होतं. तुला सांगितलं नाही मी तेव्हा." मला खरंच माहीत नव्हतं.
लादी पुसणाऱ्या बाईंचं ऐकल्यावर उठून बसली. विचारलं, "रात्री टाक्यांचे दिवे चालू ठेवतात का गं?" मी म्हटलं, पुस्तकात असेल. म्हणाली, "मग तेच आण."
तर तेच मागवलंय, छापील आणि कोरं. कादंबरी आहे, पानं तीनशेच्या वर आहेत आणि दोनाऐवजी सध्या एकच घेतलंय.

रातवा:
घुबडाचं यादीत राहू द्या.

पहाटवारा:
दिव्यांचं काय निघालं ते इथे येऊन सांगा.