चौदा वर्षांच्या नोकरीनंतर ‘स्वखुशीने राजीनामा’ लिहून मागताहेत, सही करू का?

हिशेबवाली, फोंडा:
नमस्कार. फोंड्याच्या बाजारात रंग आणि हार्डवेअरचं दुकान आहे, तिथे मी चौदा वर्षं हिशेब सांभाळते. शेठना गेल्या दिवाळीत अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून गल्ल्यावर त्यांचा थोरला मुलगा बसतो आणि काउंटरवर त्याचा मेव्हणा. आम्ही बाराजण होतो, आता सात उरलो.

सगळ्यांत जास्त लागलं ते गोदामातल्या काकांचं. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणायचं. काका अंगठा पाण्यात बुडवून पोपड्यावरून फिरवायचे, ओला रंग बघायचे, मग सुकू द्यायचे आणि त्यानंतरच शेडकार्ड उघडायचे. यंदा गणेश चवथीला पंधरा दिवस असताना, सगळ्या गावाची घरं रंगायला काढलेली, त्या गर्दीत मेव्हण्याने नुसता नंबर बघून मशीनवर वीस लिटरच्या चार बादल्या काढल्या. शेड चुकली. रंग मिसळलेली बादली कंपनी परत घेत नाही. ठपका काकांवर आला आणि पुढच्या सोमवारपासून ते आले नाहीत. त्या दिवशी ते गोदामात होते, मशीनपाशी गेलेच नव्हते. मी हे सांगितलं, कुणी ऐकून घेतलं नाही.

आता माझी पाळी. परवा मुलाने छापील कागद पुढे केला, ‘मी स्वखुशीने राजीनामा देत आहे, माझा सर्व हिशेब मिळाला.’ म्हणाला, “ताई, दुकान माझ्या नावावर होतंय. लगेच नवीन पत्र देतो, पगार तोच.” शेठच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, हात धरून सांगितलं, “घरचीच आहेस तू.” दर चवथीला मी त्यांच्या घरी जेवले आहे. त्यांना नाही कसं म्हणू? आणि शेठना विचारावं तर ते धड बोलू शकत नाहीत.

वकील, पणजी:
सही करू नका. त्या एका ओळीने चौदा वर्षं पुसली जातील आणि नव्या पत्रापासून तुम्ही पहिल्या दिवसाच्या नोकर व्हाल.

सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायच्या एकरकमी पैशांचा, हक्क येतो. महिन्याचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. समजा 15,600 धरले, तर वर्षाला 9,000 आणि चौदा वर्षांचे 1,26,000. नोकरी सुटल्यावर 30 दिवसांत ही रक्कम द्यावी लागते. दुकानात किमान दहा माणसं हवीत अशी अट आहे, पण तुम्ही बाराजण होतात ना? एकदा कायदा लागू झाला की माणसं सातवर आली तरी तो सुटत नाही. हजेरीच्या जुन्या वह्यांचे फोटो आजच काढून ठेवा. मालक बदलला म्हणून नोकरी तुटत नाही. ‘दुकान मुलाकडे जात आहे, आधीची सेवा सलग धरली जाईल’, एवढं लेखी मागा. तेवढ्याला राजीनामा लागतच नाही.

काकांनाही सांगा. त्यांची वर्षं तुमच्याहून जास्त असणार. पैसे मिळाले नसतील तर पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे अर्ज देता येतो.

दुकानदार, डिचोली:
मी दुसऱ्या बाजूचा माणूस. बाबांचं दुकान मीच घेतलं आणि माझ्याही घरचे लोक काउंटरवर आले. आपल्या गोव्यात घरच्यांचा आवाज दुकानात येणारच. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा अर्धा वाटा असतो, म्हणजे तुमच्या वहिनी आजच अर्ध्या मालकीण आहेत. मुलाचा वारसा मात्र शेठ हयात असेपर्यंत उघडत नाही. आणि सुनेच्या भावाचा तर कसलाच वाटा नाही, तो तुमच्यासारखाच पगारी माणूस.

म्हणून मुलाशी वाद घालू नका, वहिनींकडे जा. उधारीची वही घेऊन जा. कोणता कंत्राटदार चवथीनंतर पैसे देतो, कोण होळीच्या शिगम्याला, हे तुम्हालाच ठाऊक असणार. माझ्या बाबांचा हिशेबनीस मी असाच घालवला. त्यानंतर दोन वर्षं मी उधारी मागत फिरलो, निम्मी बुडाली. त्याची माफी मागायला गेलो तेव्हा त्याने चहा दिला, पण परत आला नाही.

हिशेबवाली, फोंडा:
दोघांचे आभार. काल संध्याकाळी वहिनींकडे गेले. कागदात काय लिहिलंय ते त्यांनी वाचलंच नव्हतं, मी मोठ्याने वाचून दाखवलं. शेठ पलंगावर पडून ऐकत होते. ‘सर्व हिशेब मिळाला’ म्हटल्यावर त्यांनी डावा हात दोनदा गादीवर आपटला. वहिनींनी कागद घडी करून स्वतःकडे ठेवला, सोमवारी मुलाला बसवून बोलू म्हणाल्या. वह्यांचे फोटो काढले आहेत. 2011 पासूनच्या हजेरीत काकांचं नाव माझ्या वरच्याच ओळीत आहे. उद्या रविवार, त्या पानांच्या प्रती घेऊन शिरोड्याला त्यांच्या घरी जाते आहे.