मदत हवी आहे: बँड सुटला, आता स्टुडिओत क्लिकवर वाजवायचंय

शहापूर_ड्रम्स:
आमचा रॉक बँड बंद पडला. गिटारवाला बंगळूरला नोकरीला गेला. मला ड्रम सोडायचे नाहीत, आता रेकॉर्डिंगचीच कामं करायची आहेत. एका स्टुडिओत क्लिकवर (हेडफोनमधल्या टिकटिकीवर) वाजवायला बसलो, तर फिल (ठेक्यामधली भरीची तुकडी) मारला की क्लिकच्या पुढं पळायलोय. शेवटी त्यांनी मशीनचे ड्रम लावले. शनिवारी दुसरीकडं बोलावलंय. काय करू, लवकर सांगा की.

खानापूरकर:
टेम्पो किती? फिल कसला? काहीच लिहिलं नाहीस, सांगायचं काय?

ठेका_टिळकवाडी:
क्लिक सोड. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले, त्या भागातली पोरं मशीनकडनं लय शिकणार? वर्षभर तबला शीक, लय अंगात मुरंल.

खानापूरकर:
तबला चांगलाच, पण त्याचं काम शनिवारी आहे. ड्रम आज इथं, गिटार महिन्यानं पुण्यात रेकॉर्ड होणार. क्लिक नसला तर जुळवायचं कशावर?

निपाणीचा:
इलेक्ट्रॉनिक किट घे. जाळीच्या मेश हेडचंच घे, शेजारी भांडत नाहीत.

शहापूर_ड्रम्स:
किट आहे हो, शेजाऱ्यांचा काही त्रास नाही. टेम्पो ९२, म्हणजे मिनिटाला ९२ बीट. सिक्स्टींथचा (एका बीटात चार ठोके) फिल, समोरच्या स्नेअर ड्रमवरनं खालच्या मोठ्या फ्लोअर टॉमपर्यंत.

मडगाव_सेशन:
९२ ला दोन सिक्स्टींथमध्ये साधारण १६३ मिलिसेकंद असतात. स्टेजवर जोशात ते आखडतात आणि बँड तुझ्यामागं धावतो, म्हणून कळत नाही. क्लिक ४६ वर लाव आणि तो चार बीटच्या बारमधल्या दुसऱ्या-चौथ्या बीटवर पडतोय असं धर. तीन बार साधा ग्रूव्ह (ठेका), चौथ्यात फिल. फिलमधला प्रत्येक ठोका तोंडानं म्हण. जमलं की २३ वर ये, बारमध्ये एकच क्लिक.
आणखी एक, हाय-हॅट (पायानं मिटणारी झांजांची जोडी) किती जोरात मारतोस? स्नेअरच्या माइकमध्ये हाय-हॅट शिरला की मिक्स करणारा वैतागतो. झांजा हलक्या, स्नेअर आणि किक (पायानं वाजणारा ड्रम) भरीव. रॉकवाल्यांचं नेमकं उलट असतं.

ठेका_टिळकवाडी:
असं मोजून वाजवलं तर जीव राहतो काय त्यात?

मडगाव_सेशन:
राहतो. जेफ पोर्कारो टोटो बँडचा ड्रमर, पण सेशन (स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांवर) टोटोच्या आधीपासून वाजवायचा. मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या ‘थ्रिलर’वरही आहे. त्याचा शफल (झुलता ठेका) ऐका, स्नेअरवरचे बारीक घोस्ट नोट्स ऐका, मग बोलू.

निपाणीचा:
मुंबईला जा सरळ. पंचमदांकडं फ्रँको वाझ वाजवायचे, तसे दिवस काढ.

खानापूरकर:
मुंबईचं भाडं कोण देणार? कन्नड पिक्चरची कामं बंगळूरला असतात, रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथं. कन्नड येतं ना रे तुला?

शहापूर_ड्रम्स:
येतं की. दादा, ४६ वर आत्ताच बसलो. दुसऱ्या-चौथ्याला धरलं की पहिला बीटच हरवतोय. हाय-हॅट जोरातच मारतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मडगाव_सेशन:
आधी नुसत्या टाळ्या वाजवून धर, काठ्या नंतर. हेडफोन स्टुडिओचे की तुझे? उघड्या कपाचे असतील तर क्लिक वर टांगलेल्या ओव्हरहेड माइकमध्ये जाईल.