पशुवैद्यकीय शिक्षणाने आपल्यात काय बदल घडवला?

प्रश्न: नागपुरात पशुवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शरीररचनाशास्त्र पाठ होते, पण गाय समोर आली की हात थरथरतात. ही भीती पुढे निघून जाते का?

उत्तर १: जाते, मात्र हळूहळू. आंतरवासितेत काटोलजवळ एका गोठ्यात व्यालेली गाय मान वळवून निपचित पडलेली होती. तो दुग्धज्वर होता. नावात ज्वर असला तरी अंग थंड पडते, कारण रक्तातील कॅल्शियम घटलेले असते. सरांनी शिरेतून कॅल्शियम अगदी सावकाश सोडायला लावले आणि मला सतत हृदयाचे ठोके ऐकायला सांगितले, कारण घाई केल्यास हृदय थांबू शकते. काही वेळाने गाय उठली, तेव्हा मालकीणबाईंचे डोळे भरून आले होते. त्या दिवसापासून मी घाई सोडली.

उत्तर २: मला ऐकण्याची सवय लागली. जनावर बोलत नाही, म्हणून गवळाऊ जातीची गाय सांभाळणाऱ्या काकांचे ‘काल रवंथ केला नाही’ हे वाक्य तपासणीइतकेच मोलाचे ठरते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. उद्यापासून गोठ्यात लवकर जाईन.