मदत हवी आहे: ताई अजून त्या वॉर्डातून बाहेर आलेली नाही

नमस्कार. माझी मोठी बहीण नागपुरात स्टाफ नर्स आहे. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, ती कोविड आयसीयूत होती. पीपीई किटमध्ये सहा-सहा तास, ना पाणी, ना बाथरूम. पण ती बोलते ते त्याबद्दल नाही. पेशंटच्या घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून फोन तीच हातात धरायची. कितीतरी जणांचं ते शेवटचं बोलणं ठरलं.

आजही मायक्रोवेव्हची पीप ऐकली की ती दचकते. रात्री तीनला उठून आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावते. आई ठणठणीत आहे हो.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ म्हटलं तर, "आपल्याच हॉस्पिटलात केसपेपर निघाला तर ड्युटीवर सगळे काय म्हणतील?" २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, हे मी सांगितलं. पटलं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिने सेव्ह केलाय, लावला मात्र नाही.

इथे कुणी नर्स, डॉक्टर, आशाताई यातून गेल्या आहात का? पहिल्यांदा बोलायला कशामुळे धीर आला? मानसिक आघातावर काम करणारे, ट्रॉमा सीबीटी किंवा ईएमडीआर या त्यावरच्या थेरपी शिकलेले, मराठीत बोलणारे कुणी नागपुरात किंवा ऑनलाइन माहीत आहेत का? तिच्या शिफ्ट बदलत्या असतात, त्यामुळे संध्याकाळची वेळ मिळाली तर बरं.

"विसरून जा, झालं ते झालं" हे तिला सगळ्यांनी सांगून झालंय. कृपया ते नको.