मुलांशी एकट्याने बोलायचं आहे, पण आई खुर्चीवरून उठत नाही

प्रश्न – तालुका_बालरोग

10 ते 18 वयाची मुलं माझ्या ओपीडीत टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या) लसीला येतात, नाहीतर शाळेच्या फिटनेस सर्टिफिकेटवर सही घ्यायला. त्याच भेटीत प्रत्येकाशी दहा मिनिटं एकट्याने बोलायचं सुरू करायचं आहे. अडचणी तीन आहेत. आई उठत नाही. आई उठली तरी मूल बोलत नाही. आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) असताना "कोणाला सांगणार नाही" असं म्हणावं की नाही, हे ठरत नाही. खोली एकच आहे, मध्ये पडदा.

उत्तर – किशोर_ओपीडी

तपासणी अर्ध्यावर आली असताना "ताई, जरा बाहेर बसा" म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो. डॉक्टरांना काहीतरी सापडलं असंच तिला वाटतं. म्हणून केसपेपर काढतानाच सांगायचं. काउंटरवर पाटी लावा: "10 वर्षांपुढच्या प्रत्येक मुलाशी डॉक्टर थोडा वेळ एकट्याने बोलतात." सगळं काम 'प्रत्येक' या शब्दावर आहे. निवडक मुलांना थांबवलंत, तर गावात त्याचा अर्थ लगेच लागतो.

सुरुवातीला तिघं एकत्र. आईच्या तक्रारी, आजार, लसी, घरात कोणाला साखर, थायरॉईड हे सगळं आधी ऐकून घ्या. तिचं बोलणं पुरतं झालेलं नसेल तर ती उठणार नाही. मग सांगा: "ताई, दोन-चार वर्षांत हिला एकटीला दवाखान्यात जावं लागेल, त्याची ही सवय. शेवटी तुम्हाला परत आत बोलावतोच." आणि खरंच बोलवा. आईला काय सांगायचं, हे त्याआधी मुलीशी ठरवून घ्या.

प्रश्नांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे: घर, शाळा, खाणं, खेळ-मोबाईल, तंबाखू-दारू, मग शरीर आणि आकर्षण, शेवटी मन. तंबाखूचं थेट विचारलं तर "नाही" हेच उत्तर येतं. "तुमच्या वर्गात मावा कोणी खातं का?" इथून सुरू करा. मग मित्र, मग तो स्वतः. "बॉयफ्रेंड आहे का?" यात उत्तर आधीच गृहीत धरलेलं असतं, त्यापेक्षा "कोणी आवडतं का?" बरं. पाळीचं आईसमोर विचारलं की "नॉर्मल" एवढंच कळतं. एकटीला विचारा: किती दिवस जाते, रात्री पॅड बदलायला उठावं लागतं का, त्या दिवसांत शाळा बुडते का. हिमोग्लोबिन 12 च्या खाली का गेलं, ते बरेचदा इथे उलगडतं.

"मरून जावं असं मनात येतं का?" हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं तर कसं, कधी, हाताशी काय आहे, हे विचारा. मुलाला एकटं सोडू नका, आणि पालकांना त्याच दिवशी सांगा. शेतकरी घर असेल तर फवारणीच्या औषधाचा डबा आजच कुलपात गेला पाहिजे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 कागदावर लिहून द्या.

उत्तर – कायदा_आणि_दवाखाना

"कोणालाच सांगणार नाही" हे वाक्य कधीच उच्चारू नका. पॉक्सोत 18 च्या आतलं प्रत्येक जण बालक आहे. कलम 19 प्रमाणे लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलीस ठाण्याला किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावंच लागतं. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 17 वर्षांच्या दोघांनी राजीखुशीने ठेवलेले संबंधही यातच येतात. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक वाट दिली आहे: अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली असेल, आणि तिने व पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. गर्भपाताला पालकांची लेखी संमती मात्र लागतेच.

म्हणून पहिल्या प्रश्नाच्या आधीच सांगा: "तू बोलशील ते माझ्याजवळ राहील. तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला त्रास देत असेल, तर मला मोठ्यांना सांगावं लागेल. पण आधी तुला सांगेन." हे आईसमोरच म्हणा, म्हणजे तिचीही धास्ती कमी होते. मूल सगळं बोलून गेल्यावर अट सांगितली तर तो विश्वासघात ठरतो, आणि ते मूल परत येत नाही. कोणी आवडणं, हस्तमैथुनाची शंका, पाळी, मुरमं यांत कळवण्यासारखं काहीच नाही.

उत्तर – मैत्री_समुपदेशक

पडद्याने दिसणं थांबतं, ऐकू येणं थांबत नाही. आई बाहेरच्या बाकावर बसूनही सगळं ऐकते, आणि मुलाला ते ठाऊक असतं. दुसरी खोली नसेल तर वजनकाटा आणि बीपीचं मशीन लांबच्या कोपऱ्यात हलवा. मुलाला तिकडे न्या, आईला खुर्चीवरच बसू द्या. कोणाला उठवावंच लागत नाही. पंखा चालू ठेवा, आवाज खाली.

डॉक्टर पुरुष आणि पेशंट मुलगी असेल तर बोलताना सिस्टर दिसेल पण ऐकणार नाही एवढ्या अंतरावर हवी. अंगावरची तपासणी असेल तेव्हा अगदी शेजारी. आई हवी की सिस्टर, हे मुलीला विचारा. लहान गावात सिस्टर कोणाची तरी आत्या असतेच, त्यामुळे गुप्ततेचं तिच्याशी वेगळं, गंभीरपणे बोला.

पुढे समुपदेशन लागलं तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मैत्री क्लिनिक आहे का पाहा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (2014) ते 10 ते 19 वयासाठीच आहे.

उत्तर – फाईल_सांभाळणारी

बोलणं गुप्त राहतं, कागद फुटतो. केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीतून घरी जातो आणि रात्री काका वाचतात. नाजूक नोंद दवाखान्यात कुलपात राहणाऱ्या वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवा, केसपेपरवर फक्त तिचा नंबर. लॅबचा रिपोर्ट नोंदवलेल्या मोबाईलवर व्हॉट्सॲपने जातो, आणि तो नंबर बहुधा वडिलांचा. तपासणी लिहितानाच मुलाला विचारा आणि लॅबला "रिपोर्ट दवाखान्यातच" असं कळवा. मेडिकलच्या बिलावर औषधाचं नाव असतं, हेही मुलाला आधी सांगा.

तालुका_बालरोग

आभार. आणि "माहीत नाही" एवढंच म्हणणारा असेल तर?

किशोर_ओपीडी

थांबण्याच्या वेळात त्याच्या हातात टिकमार्कचा कागद आणि पेन्सिल द्या: झोप, शाळेतला त्रास, तंबाखू, उदास वाटणं, शरीराबद्दल शंका. वर नाव नको. कागद त्याने स्वतः तुमच्या हातात द्यायचा, आईच्या नव्हे. पहिल्या वेळी तीन मिनिटं पुरतात. न बोलणाऱ्याला दहा मिनिटं बसवून ठेवलं तर पुढच्या खेपेला तो दारातूनच मागे फिरतो.