टोक बोटाला टेकतंय का, ते आधी बघा

घालूनच फोन चालवता येतो असे टचस्क्रीनचे हातमोजे आठवडाभर चालून बंद पडले, म्हणजे ते बोगसच, असं काही जण म्हणतात; ते पटत नाही. फोनची स्क्रीन दाब ओळखत नाही, बोटामुळे होणारा विद्युतभारातला बदल ओळखते. म्हणून मोज्याच्या बोटाच्या टोकाला विणलेला चांदीचा किंवा तांब्याचा मुलामा असलेला धागा आतून कातडीला टेकलेला लागतो. सकाळी गाडीवर गारठा बोचतो म्हणून आत दुसरे सुती मोजे घातले, की तो संपर्क तुटलाच. मोजा बोटापेक्षा अर्धा सेंटीमीटर लांब असला तरी तेच. ब्लीच आणि फॅब्रिक कंडिशनरने मुलामा खराब होतो. साध्या सौम्य साबणाने, थंड पाण्यात धुवा, पिळू नका.

जुने मोजे फेकायच्या आधी वीजवाहक शिवणधागा आणून तर्जनी आणि अंगठ्याच्या टोकाला टाके घाला. बाहेर साधारण 6 ते 8 मिलिमीटरचा ठिपका भरला पाहिजे, त्याहून बारीक स्पर्श स्क्रीन बरेचदा सोडून देते. आत दोन-तीन लांब, सैल टाके ठेवा म्हणजे बोटाला नक्की लागतील. चामड्याच्या रायडिंग मोज्यांनाही हे जमतं. सुईच्या भोकांतून पाणी शिरेल, पण नागपूरच्या कोरड्या थंडीत त्याची काळजी नको. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' असते, ती पातळ मोज्यांनाच उपयोगी. आणि फिंगरप्रिंट कुठल्याच मोज्यातून लागत नाही, पिन ठेवा. डिसेंबर 2018 मध्ये इथला पारा 3.5 अंशांवर आला होता. तशा पहाटे पत्ता बघायला मोजा काढणं म्हणजे बोटं बधिर करून ब्रेक धरणं.